सावंतवाडीला पाठवू का?

पत्र:

माझा धाकटा मुलगा २१ वर्षांचा. बारावीनंतर शिक्षण सोडलं आणि गेले दोन सीझन हरमलला किनाऱ्यावरच्या शॅकवर कामाला होता. मेअखेर शॅक मोडले तेव्हापासून घरीच आहे. आधी वाटलं, दमलाय. मग बाथरूममध्ये पाऊण-पाऊण तास. जीन्सच्या खिशात सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद सापडला, मधोमध करपलेली तपकिरी रेघ. परवा हुमण-भात जेवता जेवता ताटावरच डोळे मिटले, घास हातात तसाच. कपाटातली अंगठी नाहीशी झाली तेव्हा मी धरून बसवलं, तर रडला. म्हणाला, "गर्द घेतो आई, पण सोडणार आहे." ह्यांना अजून सांगितलेलं नाही. दिरांना सांगितलं. त्यांनी मोबाइलवर एक लेख पाठवला की तरुण मुलांत हेरॉईन कमी होत चाललंय, शंभरात एखादाच घेतो, तेव्हा घाबरू नका, वय आहे, सुटेल. माझा भाऊ म्हणतो, सावंतवाडीला आमच्याकडे पाठव, तीन महिने कोंडून ठेवतो, चवथीला बरा करून आणतो. शेजारीण म्हणते, जेवण बंद कर, आपोआप वठणीवर येईल. पोलिसांची भीती वाटते. मोठ्या मुलीचं लग्न जमत आलंय. कुणाचं ऐकू?
– एक आई, पेडणे तालुका

उत्तर:

ताई,

सावंतवाडीचं आधी बोलते, कारण तुमच्या भावाने एव्हाना गाडीही सांगून ठेवली असेल. ती थांबवा. दिरांच्या लेखाकडे मागाहून येऊ.

बऱ्याच वर्षांपूर्वी बार्देशातली एक आई माझ्याकडे यायची. तिच्या मुलालाही असंच नातेवाइकांनी बेळगावला नेऊन ठेवलं होतं. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. पहिला आठवडा तो ओरडला, ओकला, भिंतीवर डोकं आपटून घेतलं. मग हळूहळू जेवायला लागला. अडीच महिन्यांनी चवथीला घरी आला तेव्हा गाल भरलेले. माटोळीला नारळाची पेंड, सुपारीचे घोस, आंबाडे त्यानेच शिडीवर चढून बांधले. आईने मला फोन करून सांगितलं, देवाने ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाथरूममध्ये गेला आणि दार फोडावं लागलं. पुडी नेहमीचीच होती आणि त्याने नेहमीएवढीच घेतली होती. त्याच्या शरीराला मात्र आता ती नेहमीची राहिली नव्हती.

हे नीट समजून घ्या. गर्द म्हणजे भेसळीचं हेरॉईन, ब्राऊन शुगर. हेरॉईन १८९८ मध्ये बायर कंपनीने बाजारात आणलं ते चक्क खोकल्याचं औषध म्हणून, आणि खोकला ते खरोखरच दाबतं. पण मेंदूच्या ज्या भागातून खोकला सुटतो, त्याच भागातून श्वासही चालतो, आणि हेरॉईन दोघांनाही गुंगवतं. रोज घेणाऱ्याचं शरीर या माऱ्याला सरावतं, म्हणून तर मात्रा वाढत जाते. घेणं थांबलं की हा सराव काही दिवसांत ओसरू लागतो. ओढ मात्र महिनोन्‌महिने राहते. त्यामुळे कोंडून ठेवलेला मुलगा बाहेर येतो तेव्हा मनाने जुना आणि शरीराने नवखा असतो. निरनिराळ्या देशांत तुरुंगातून सुटलेल्या व्यसनी लोकांचे अभ्यास झालेत; सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे त्यांच्यासाठी सर्वांत घातक ठरले आहेत. भावाच्या मागच्या खोलीला तुरुंग म्हणायचं नाही, पण शरीराला दोन्ही सारखेच.

आणि ते "तीन महिने" कशासाठी, हेही मला कधी कळलेलं नाही. अंगातून हेरॉईन उतरायला तीन महिने लागत नाहीत. शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत नाक-डोळे वाहू लागतात, जांभया येतात, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा, जुलाब, हाडं ठणकतात, झोप उडते. या मुलांच्या भाषेत याला "टर्की" म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कळसाला जाते आणि आठवड्याभरात ओसरते. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं, पण धडधाकट तरुण माणूस सहसा टर्कीने दगावत नाही. पोटात पाणी मात्र जात राहिलं पाहिजे. माणसं दगावतात ती नंतर, सगळ्यांना "सुटला" असं वाटत असताना. तुमचा मुलगा "सोडणार आहे" म्हणतो ते खोटं नसेल. त्याने दोन-चारदा सोडलंही असेल, पाच दिवस, आठ दिवस. तुम्हाला तेव्हा ताप आलाय असं वाटलं असेल.

आता दिरांचा लेख. तो खोटा नाही, पण तो तुमच्या घराबद्दल नाही. तरुणांत हेरॉईन कमी होतंय हे अमेरिकेचं चित्र. तिथे १९७५ पासून दरवर्षी शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या मुलांना विचारलं जातं. २००० च्या सुमारास शंभरात दीड मुलगा म्हणायचा की वर्षभरात हेरॉईन घेतलं. आता हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. चांगलीच गोष्ट. पण विचारलं कुणाला? वर्गात बसलेल्या मुलांना. वर्ग सोडून शॅकवर ट्रे फिरवणारा मुलगा त्या कागदावर येतच नाही.

दुसरं असं की त्याच देशात हेरॉईनने मरणाऱ्यांचा आकडा २०१० मध्ये ३,००० च्या आसपास होता, तो २०१७ मध्ये १५,००० च्या वर गेला आणि २०२२ मध्ये ६,००० च्या आत आला. एवढंच वाचलं तर वाटेल, संकट टळलं. प्रत्यक्षात हेरॉईनची जागा फेंटानिल नावाच्या, त्याहून कितीतरी जहाल रसायनाने घेतली आणि २०२१ मध्ये अमली पदार्थांच्या अतिमात्रेने तिथे एका वर्षात लाखाहून अधिक माणसं गेली. युरोपात आणखी वेगळं. तिथे हेरॉईनवर उपचार घेणारे वयाने चढत चाललेत. ऐंशी-नव्वदच्या दशकांत जे अडकले तेच आता पन्नाशीला आलेत, मागून येणारे तरुण कमी.

आपल्याकडे वारं उलटं वाहिलं. पिढ्यान्‌पिढ्या हा देश अफूचा. म्हातारी माणसं अफूची गोळी घ्यायची आणि कामाला जायची. गर्द आला तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, अफगाणिस्तान-इराणकडच्या उलथापालथीनंतर तस्करीच्या वाटा आपल्या बाजूला वळल्या तेव्हा. "गर्दुल्ला" हा शब्द मुंबईने तेव्हाच घडवला. २००४ च्या राष्ट्रीय पाहणीत अफू घेणारे हेरॉईन घेणाऱ्यांपेक्षा जास्त होते. २०१९ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल आला, त्यात पारडं फिरलेलं होतं: अफू ०.५२ टक्के, हेरॉईन १.१४ टक्के. दिरांचा "शंभरात एखादा" बहुधा इथलाच. औषधी गोळ्यांसकट अफूच्या कुळातलं सगळं मिळून २ कोटी २६ लाख लोक, आणि त्यांतले ७७ लाख, म्हणजे तिघांतला एक, उपचारांची गरज असलेला. याच अहवालात १० ते १७ वयाची सुमारे ४० लाख मुलं या कुळातलं काहीतरी घेणारी निघाली. "वय आहे, सुटेल" हे कुठल्या वयाबद्दल म्हणायचं, ते दिरांना विचारा.

शिवाय घरोघर जाऊन "तुमच्याकडे कुणी गर्द घेतं का" असं विचारलं तर कोण सांगेल? तुम्ही तर अजून यजमानांनाही सांगितलेलं नाही. म्हणूनच त्या पाहणीत व्यसन असलेल्या माणसांना हाताशी धरून त्यांच्या ओळखीच्यांपर्यंत पोचण्याची दुसरी वाटही वापरली होती. नुसत्या दारावरच्या उत्तरांवर या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही, हे आकडे काढणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

आणि गोव्यात आपली एक खास आंधळी जागा आहे. ड्रग्ज म्हटलं की आपल्याला हणजूणची पार्टी, रात्रभर धडधडणारे स्पीकर आणि गोरी माणसं दिसतात. पोलिसांनी धाड घातली की वर्तमानपत्रांत फोटो. पण हेरॉईन हे नाचायचं ड्रग नव्हेच. ते एका कोपऱ्यात बसून, पन्नीखाली लायटर धरून, धूर ओढून गप्प व्हायचं ड्रग आहे. ते भर डिसेंबरात कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. ते दिसतं तुम्हाला दिसलं तसं, पावसाळ्यात, शॅक उतरल्यावर, टिप्सचे पैसे संपले आणि मुलगा घरात बसला की.

मग मुलुख बदलण्याला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो मोठा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते. १९७१ मध्ये व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉईनचा सुळसुळाट झाला होता. स्वस्त, शुद्ध, आणि बहुतेक जण ओढायचेच, तुमच्या मुलासारखं. ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांना शोधून विचारपूस केली. पाचांतला एक जण तिथे व्यसनी झाला होता. सरकार धास्तावलं होतं की ही सगळी मुलं आता इथल्या रस्त्यांवर येणार. पण घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनी झालेल्यांपैकी फक्त शंभरात पाच जण पुन्हा व्यसनात अडकले. कुणाचा विश्वास बसेना. बाईंना वर्षानुवर्षं आपल्या आकड्यांची राखण करत बसावं लागलं.

तुमचा भाऊ नकळत याच वाटेने विचार करतोय. पण दिशा बघा. सैनिकांचं व्यसन परमुलखातलं होतं आणि ते घरी, आपल्या कामाधंद्यात परतले. तुमच्या मुलाचं व्यसन इथलं. तो पत्रादेवीची हद्द ओलांडून पलीकडे जाईल आणि चवथीला परत येईल तो त्याच खोलीत, त्याच मित्रांत. मागोमाग ऑक्टोबर, पुन्हा शॅक बांधायचे दिवस. मुलुख बदलायचाच तर येता सीझन बदला. हरमल नको. म्हापशाला, मोपाला, कुठेही काम धरू दे, पगार थोडा कमी असला तरी. आणि सावंतवाडीला मामाकडे तो जरूर जाऊ दे, पण औषध बसल्यावर, स्वतःच्या पायांनी, कडीशिवाय.

औषध म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. जिभेखाली विरघळणारी गोळी. मेंदूत हेरॉईन जिथे जाऊन बसतं तिथे ही बसते, पण अर्ध्या मनाने. ओढ आणि टर्की थांबते, गुंगी येत नाही, आणि वरून गर्द घेतला तरी त्याचा पूर्वीसारखा उपयोग होत नाही. दिवसाला एकदा. माणूस कामाला जातो, जेवतो, भांडतो, सगळं करतो. किती दिवस? महिने, कधी वर्षं. इथे घरची माणसं हमखास म्हणतात, "म्हणजे एक नशा सोडून दुसरी." मी पूर्वी वाद घालायची. आता एवढंच सांगते की ही गोळी चालू असेपर्यंत मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी होतो, आणि मधुमेहाच्या गोळीला कुणी नशा म्हणत नाही. एक सांभाळा: पहिली गोळी टर्की सुरू झाल्यावरच देतात. अंगात हेरॉईन असताना दिली तर टर्की एकदम उसळते. तेव्हा मित्राकडून, ओळखीच्या फार्मसीतून आणून घरीच सुरू करायचं नाही.

जायचं बांबोळीला, आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोविकार रुग्णालयात. लोक काय म्हणतील याची काळजी तुमच्या पत्रात जागोजागी आहे म्हणून सांगते, बांबोळीसारखी सोयीची जागा नाही. गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं मोठं इस्पितळ, तिथेच. पेडण्याहून बांबोळीला निघालेली बाई डोळ्यांसाठी चाललीय, गुडघ्यांसाठी चाललीय की कुणाला बघायला, हे बसमधल्या कुणाच्या बापाला कळत नाही. सकाळी लवकर निघा, ओपीडीला गर्दी असते. त्याचं आधार कार्ड घ्या. डॉक्टरांशी तो एकटा बोलेल, तुम्ही बाहेर बसायची तयारी ठेवा. आईसमोर खरं सांगत नाहीत मुलं. सुई टोचून घेतो का, हे तुम्ही नका विचारू, डॉक्टर विचारतील. घेत असेल तर एचआयव्ही आणि हेपटायटिस सीची तपासणी होईल. हेपटायटिस सी आज गोळ्यांनी बरा होतो आणि सरकारी कार्यक्रमात उपचार फुकट आहे. आधी कुणाशी फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे आणि १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा. दोन्ही मोफत.

एखाद्या खासगी केंद्राचं नाव कुणी सुचवलं तर दोन गोष्टी विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, आणि मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतो. "आम्ही औषध देत नाही, शिस्त लावतो" असं उत्तर आलं तर चहा घेऊन निघा. साखळीने बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद केलंय. ते करणारी ठिकाणं मात्र बंद झालेली नाहीत; एका ठिकाणाहून आलेल्या मुलाच्या घोट्यावरचे वळ मी स्वतः पाहिलेत.

पोलिसांचं. हेरॉईन घेणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात ६४अ हे कलम आहे. अल्प प्रमाणापुरता, म्हणजे हेरॉईनच्या बाबतीत ५ ग्रॅमपर्यंतचा, मामला असेल आणि व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. डॉक्टरांकडे सांगितलेलं गुप्त राहणं हा २०१७ च्या कायद्याने त्याला दिलेला हक्क आहे. तेव्हा बांबोळीला गेलं की पोलिसांत नाव जातं ही समजूत टाकून द्या. मात्र घरात पुडी सापडली तर "पुरावा" म्हणून कपाटात जपून ठेवू नका आणि डॉक्टरांना दाखवायला पर्समधून तर मुळीच नेऊ नका. करपलेला चंदेरी कागद पुरे. खरं तर तोही लागत नाही.

यजमानांना सांगा. आधी नव्हे, बांबोळीची पहिली फेरी झाल्यावर, हातात केसपेपर असताना. "मुलगा गर्द घेतो" आणि "मुलगा गर्द घेतो, औषध चालू झालंय" या दोन वाक्यांना घरातला पुरुष वेगवेगळं उत्तर देतो, असा माझा अनुभव. मुलीच्या सासरी काय सांगायचं ते तिला विचारा, तिचं लग्न आहे. धाकट्या भावाचं वागणं तुमच्याआधी तिला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

तोवर घरात एक कराच. बाथरूमची आतली कडी काढून टाका. तो चिडेल, चिडू दे. झोपलेला असताना घोरण्याचा घरघर आवाज येतोय, हलवून उठत नाही, ओठ निळसर, श्वास थांबून थांबून, असं दिसलं तर दिरांना फोन नको, शेजारणीला हाक नको. १०८ लावा आणि स्पष्ट सांगा, "हेरॉईन घेतलंय, श्वास मंदावलाय." लाज वाटून "चक्कर आली" म्हणू नका. श्वास परत आणणारं नालोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं. वेळेत कळलं तर देता येतं. मदत येईपर्यंत कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे उलटी झाली तर घशात जाणार नाही. श्वास थांबलाच तर फोनवरची माणसं सांगतील तसं तोंडाने श्वास द्या.

राहिलं जेवणाचं. शेजारणीचं ऐकू नका. उपाशी मुलगा वठणीवर येत नाही, दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसतो, आणि तो ओटा कुणाचा असेल ते तुम्ही ओळखा. रोख पैसे हातात देऊ नका, मोबाइलचा रिचार्ज तुम्ही करा, स्कूटरची किल्ली तुमच्याकडे ठेवा, उरलेलं सोनं बहिणीकडे नेऊन ठेवा. ताट मात्र रोजच्या वेळेला वाढा. आणि पुन्हा घास हातात धरून डोळे मिटले तर ओरडू नका, त्याच्याजवळ बसा आणि छातीकडे बघत श्वास मोजा. मिनिटाला बाराच्या आसपास असतील तर झोपू दे, पण उठू नका. आठाच्या खाली आले तर वर सांगितलेला फोन.